सूपभर कोंड्याचा बाप

हं, घ्या रे पांघरुणं. पाय आपापल्या पोटाशी घ्या, दुसऱ्याच्या पाठीत नकोत. आणि पप्या, मेल्या, मध्येमध्ये फाटे फोडायचे नाहीत. नुसतं हं म्हणायचं. हं थांबलं की गोष्ट थांबली.

काय? मेल्या का म्हणते? अरे, मेल्या म्हटलं म्हणून कुणी मरतं का? माणसाच्या तोंडात एक असतं नि पोटात एक. आजची गोष्ट मुळी त्याचीच आहे. ऐका.

एक होता राजा. छे, राजा कसला! स्वतःच स्वतःला राजा म्हणवून घेणारा दरोडेखोर होता तो. नाव हैबती. डोंगरात एक मोठा घाट होता, आणि घाटातून एकच वाट. त्या वाटेवर हा हैबती आपली माणसं घेऊन बसायचा. बैल लादून व्यापारी आले की हा आडवा. नवरानवरी निघाली की हा आडवा. आणि करायचा काय? तलवारसुद्धा उपसायचा नाही, बरं का. नुसता वस्तूवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "माझं!" बैलावर हात ठेवला, "माझा!" गुळाच्या ढेपेवर ठेवला, "माझी!" त्याच्या मिशा बघूनच लोकांची वाचा बसायची. मग काय, बैल त्याचा नि ढेपही त्याची.

एकदा काय झालं, घाट चढून एक म्हातारी आली. तिचं नाव कोंडाई. खालच्या गावात राहायची, सुपं-टोपल्या विणायची. आता कोंडाई हे असलं कसलं नाव? सांगते. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. पूर्वी असं झालं की लोक नवं बाळ उकिरड्यावर नेऊन ठेवायचे. का? तर काळाला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं दिसतंय, ह्याला काय न्यायचं! मग शेजारची बाई यायची, बाळ उचलायची, आणि म्हणायची, "सापडलं गं, सापडलं! माझं झालं!" मग आई तिला सूपभर कोंडा द्यायची आणि आपलंच पोर तिच्याकडून विकत घ्यायची. कोंडा म्हणजे रे, धान्य कांडल्यावर जी सालं उरतात ना, ती. कोंड्यावर घेतलेली पोर, म्हणून कोंडाई. ही रीत नीट ध्यानात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

तर कोंडाईच्या डोक्यावर एक सूप होतं, नवंकोरं. घाटापलीकडे लेकीला द्यायला निघाली होती बिचारी. हैबतीनं सुपावर हात ठेवला. "माझं!"

म्हातारी म्हणाली, "अरे, तुला सूप कशाला? जन्मात कधी दाणा पाखडलास का?"

"नसेल पाखडला. पण सूप माझं!" असं म्हणून तो खो खो हसला. त्याची माणसंही हसली.

गरिबाचं घ्यायचं आणि वर दात काढायचे! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "माझं माझं करतोस ना? जा! ज्याला ज्याला तू माझं म्हणशील, त्याची त्याची माती होईल!"

आणि काय सांगू बाई, हैबतीच्या हातातल्या सुपाची भुरूभुरू माती झाली आणि बोटांतून गळून गेली. हसणारी तोंडं उघडीच राहिली. म्हातारी तशीच रिकाम्या डोक्यानं घर गाठायला निघाली.

हैबतीला वाटलं, असेल काही हातचलाखी. दुसऱ्या दिवशी तो घोड्याच्या मानेवर थापटून म्हणाला, "काय रे माझ्या राजा!" झालं! घोडा होता तिथं मातीचा ढीग, आणि ढिगावर लगाम.

मग मात्र त्यानं कानाला खडा लावला. तो शब्दच टाकला. डोकं दुखलं तरी माझं डोकं म्हणायचा नाही. न जाणो, डोक्याची माती व्हायची! नुसतं बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "हे दुखतंय." हसू नका, तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत. दरोडे सोडले का त्यानं? छे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आता तो मुकाट्यानं लुटायला लागला, एवढाच फरक.

हैबतीला बायको होती. सगुणा तिचं नाव. मोठी गुणाची आणि मोठी फटकळ. बायकोला त्या काळी कुणी नावानं हाक मारत नसे, अगं, ऐकलंस का, एवढंच. माझी म्हणायची वेळच यायची नाही, म्हणून वाचली बिचारी. पुढं सगुणेला दिवस गेले. मुलगा झाला. सुईणीनं बाळ आणून हैबतीच्या ओंजळीत ठेवलं. एवढंसं, लाल लाल, मूठ वळलेलं. आता अशा वेळी बापाच्या ध्यानात राहतं का रे? त्याच्या तोंडून गेलं, "माझा गं माझा सोन्या!"

हं म्हणा. नका म्हणू बरं. इथं कुणी हं म्हणू नका.

सगुणेनं ती ओंजळभर माती पदरात घेतली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. त्या दिवसापासून हैबतीला आपल्या तोंडाचीच लाज वाटायला लागली. तो तोंडावरून एक फडकं गुंडाळून बसायचा. लोकांना वाटायचं, दरोडेखोर आहे, ओळखू येऊ नये म्हणून तोंड बांधतो. लोकांना काय ठाऊक!

मग पुन्हा सगुणेला दिवस गेले. पण ह्या खेपेला तिनं आधीच ठणकावून सांगितलं, "अहो, तुमच्या तोंडाचा मला भरवसा नाही. हे पोर तुमचं व्हायचं नाही. तुमच्याच हातानं उकिरड्यावर नेऊन ठेवा. मी मागून येते आणि गावातच राहते. तुम्ही परत घ्यायला यायचं नाही. आलात तर मी मेले समजा."

हैबतीनं मान हलवली. बाळ झालं, पुन्हा मुलगाच. तोंडावर फडकं घट्ट बांधून, बाळ घोंगडीत घेऊन तो घाट उतरला. उन्हं वर आली होती, सगळं गाव जागं होतं. गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. हैबती आला, त्यानं तान्हं बाळ उकिरड्यावर ठेवलं, आणि मागं न बघता निघून गेला. मागं बघितलं असतं तर पाय निघाला नसता, पण हे त्याचं त्यालाच माहीत.

उकिरड्याशेजारी घर कुणाचं? कोंडाईचं! ती धावली, बाळ उचललं आणि म्हणाली, "सापडला गं, सापडला! माझा झाला!" कशी सहज म्हणाली! हैबतीनं ते वळणावरून ऐकलं. जो शब्द तो दिवसातून शंभरदा उधळायचा, तो ह्या म्हातारीच्या तोंडी किती गोड लागला. त्याला वाटलं, हिचा हेवा करावा असं हिच्यापाशी आज काहीतरी आहे.

मागून सगुणा आली. कोंडाईला तिनं सगळं सांगितलं, आणि म्हातारी मटकन खाली बसली. "अगं बाई गं! मी चोराला बोलले, आणि लागलं लेकराला!" पण तोंडातून गेलेला शब्द, तो का परत गिळता येतो? तिलाही खाली मान घालावी लागली. हैबतीच्या माणसांना त्याचा धाक होता, ती बोलायची नाहीत; दोघींनीही ठरवलं की ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. कारण गावात हैबतीवर दात धरून असलेले काय थोडे होते? शापाचं कळलं, तर एखादा त्याला डिवचून डिवचून तो शब्द बोलायला लावील आणि पोराच्या जिवावर सूड उगवील. पोरालाही सांगायचं नाही. ते बापाकडे धावलं तर बापाचं तोंड थोडंच थांबणार?

पोराचं नाव ठेवलं उकंडा. उकिरड्यावरचा, म्हणून उकंडा.

हैबतीनं वरून गहू पाठवले, तूप पाठवलं. सगुणेनं सगळं रस्त्यावर ओतलं. "चोरीचं अन्न लेकराला नको म्हणावं!" तेही त्याला ऐकावं लागलं. मग हैबती आणखीच बिघडला. बाप तर होता येत नाही, निदान हैबती तरी राहू, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. लाज वाटली की काही माणसं सुधारतात आणि काही आणखी घाण करतात, बरं का.

उकंडा मोठा व्हायला लागला. गोरा नाही हं, चांगला सावळा, आणि अंगानं पहिलवान. पण पोरं चिडवायची. "ए उकिरड्या! तुझ्या बापानं तुला टाकला!" तो घरी येऊन आईला विचारायचा, "आई, खरं का गं?" आई चुलीत फुंकर घालायची आणि म्हणायची, "जेव गुपचूप." चूल चांगली पेटलेली असायची, तरी फुंकायची.

एकदा काय झालं, एक वासरू हरवलं म्हणून उकंडा शोधत शोधत घाटात वर गेला. वरून हैबतीनं पाहिलं. त्याचीच चाल, त्याचंच नाक! शब्द पोटातून निघाला, गळ्याशी आला. आता हा आणखी चार पावलं जवळ आला तर संपलं! हैबतीनं दगड उचलले आणि भिरकावले. "चालता हो, उकिरड्यावरच्या! पुन्हा इथं दिसलास तर याद राख!" दगड उकंड्याच्या डावीकडे पडले, उजवीकडे पडले, मागं पडले. पोर वासरू सोडून पळालं. गावात बोंब झाली, बापानं लेकाला दगड मारले हो! पण एक गंमत कुणाच्या ध्यानात आली नाही. हैबती म्हणजे उडतं पाखरू दगडानं पाडणारा माणूस. मग त्याचा एकही दगड लागला कसा नाही?

दुसऱ्यांदा काय झालं, गावची जत्रा भरली. उकंडा आता जवान झाला होता, मिसरूड फुटलं होतं. त्यानं कुस्तीत असा मल्ल चीत केला की लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. हैबती डोक्यावरून घोंगडी ओढून गर्दीत उभा होता. कुणीतरी परगावचा माणूस ओरडला, "वाहवा रे पठ्ठ्या! कुणाचा रे हा? कुणाचा?"

कुणाचा! आता हे विचारायचं असतं का? हैबतीच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला. त्यानं जीभ चावली. इतकी चावली की तोंड रक्तानं भरलं. तेवढ्यात उकंडा नेमका समोर आला, आणि हैबतीला ठसका लागला. तोंडातलं रक्त पचकन उकंड्याच्या पायाशी पडलं. घोंगडी घसरली. "हैबती! हैबती!" लोक ओरडले. "लेक जिंकला तर बाप थुंकला!"

उकंड्यानं पायाशी बघितलं, मग हैबतीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर हैबतीला झेपला असता. पण पोराला लाज वाटत होती, भर जत्रेत, बापाची. हैबती घोंगडी सावरून पळाला. घाटाचा राजा शेपूट घालून पळाला, दुसरं काय!

मग उकंड्यानं मनाशी पक्कं केलं. ह्या माणसामुळं मी मान वर करून चालू शकत नाही, तर ह्या माणसालाच बांधून आणतो. तो वाटसरूंच्या सोबतीला जायला लागला. हैबतीची माणसं आडवी आली की एकेकाला उचलून आपटायचा. कुणाचे बैल परत आणले, कुणाची लेक सुखरूप सासरी पोचवली. लोक त्याला दुवा द्यायचे. हैबतीची माणसं एकेक करून पळाली. शेवटी त्याच्यापाशी कोण राहिलं? तर भिवा नावाचा एक म्हातारा साथीदार. शापाची गोष्ट ह्या भिवाला पहिल्यापासून ठाऊक होती.

आणि तिसऱ्यांदा काय झालं, ऐका. पप्या, झोपलास का? हं म्हण.

उकंडा एकटाच दोर घेऊन घाट चढला. अगदी निमुळत्या खिंडीत हैबती बसला होता. पलीकडे कडा. पळायला जागा नाही. उकंडा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नाईक, आता तुमचं संपलं. गावात नेलं की लोक तुम्हाला जितं ठेवायचे नाहीत. पण त्याआधी मला एवढं सांगा. मला उकिरड्यावर का टाकलंत? दगड का मारलेत? माझ्यावर थुंकलात का? मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

हैबतीनं तोंडावरचं फडकं हातानं दाबून धरलं.

तेव्हा भिवा मागून कानाशी लागला. "नाईक, येडे का तुम्ही? एक शब्द बोला. एकच! हा पोरगा इथंच माती होऊन पडतोय, आणि आपण सुटतो."

आता लेकरांनो, तुम्ही विचाराल, हैबतीच्या मनात आलं का? बापाच्या मनात असं येईल का? मी काय खोटं सांगू? आलं. कडा दिसत होता, दोर दिसत होता, गावातले दगड दिसत होते. जिवाची भीती फार वाईट. इतकी वर्षं जो शब्द तो मायेपोटी गिळत आला, तोच त्यानं आता मारायला उचलला. फडकं खाली ओढलं आणि तोंड उघडलं.

"मा..."

अर्धाच शब्द गेला. आणि उकंड्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख निम्मं भुरूभुरू माती होऊन गळलं. पोरानं हाय केलं, खाली बघितलं. त्याला काही कळेना. पण हैबतीला कळलं. तेच ते. ओंजळीतली माती आठवली त्याला. आणि अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की कड्यावरून उडी टाकली असती तरी ती लाज वर उरली असती.

पण तोंडातून "मा" तर निघाला होता. तो परत घेता येत नाही. मग करायचं काय? हैबतीनं पुढचं अक्षर बदललं.

"मा... र. मार मला," तो म्हणाला. "मार, आणि सुटू दे सगळ्यांना."

भिवानं कपाळावर हात मारला आणि वाट फुटेल तिकडे पळाला. उकंडा म्हणाला, "मारायला नाही आलो मी. विचारायला आलो होतो." त्यानं हैबतीच्या हाताला दोर बांधला आणि त्याला खाली नेला. स्वतः लंगडत पुढं, बाप मागं.

गाव जमलं. ज्याचे बैल गेले तो आला, जिचं मंगळसूत्र गेलं ती आली. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात पायताण. उकंड्यानं सगळ्यांना थांबवलं आणि भर गावात पुन्हा विचारलं, "नाईक, एवढंच सांगा. मी कुणाचा?"

हैबतीनं मान खाली घातली. लोक ओरडायला लागले, "बघा, अजून बोलत नाही! काळजाच्या जागी धोंडा आहे धोंडा!"

तेव्हा कोंडाईला राहवलं नाही. काठी टेकत ती पुढं आली. "थांबा मेल्यांनो! धोंडा ह्याच्या काळजात नाही, माझ्या जिभेवर होता." आणि तिनं सगळं सांगितलं. सूप सांगितलं, शाप सांगितला, ओंजळीतली माती सांगितली. दगड का मारले, जत्रेत तोंडातून थुंकी नाही तर रक्त का पडलं, सगळं सगळं. सांगताना रडली. सगुणाही पदर डोळ्याला लावून उभी होती. हळूहळू लोकांच्या हातांतले दगड खाली पडले. एक बाई म्हणाली, "अगं बाई, बिचारा बाप! किती सोसलं गं ह्यानं!"

उकंड्यानं तर तोंडच झाकून घेतलं. आपण ह्या माणसाची लाज बाळगली, ह्याला दोरानं बांधून फरफटत आणलं! तो हैबतीसमोर गेला आणि म्हणाला, "एकदा म्हणा. मला चालेल. माती झालो तरी चालेल, पण एकदा म्हणा."

"खुळा का काय तू?" सगुणा कडाडली. "वाढवला कशाला मी तुला? माती व्हायला?" तरणी पोरं अशीच असतात, बरं का. एका शब्दासाठी जीव टाकायला निघतात.

गोष्ट इथंच संपवता आली असती. हैबती गप्प बसला असता तर लोकांनी त्याला देव करून ठेवला असता. पण बिचारा बाप, बिचारा बाप, हे काही त्याच्यानं ऐकवेना.

तो म्हणाला, "नाही. कोंडाईनं सांगितलं ते सगळं खरं. पण तिला एक ठाऊक नाही. खिंडीत मी 'मा' म्हणालो, ते मायेनं नाही म्हणालो. तो शब्द मी मारायलाच काढला होता. पोरा, तुझा जीव घ्यायला. जीव वाचवायचा होता ना मला! तुझं नख गेलं ते त्यानं गेलं."

सगुणेचा पदर हातातच राहिला. उकंड्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. निम्मं नख होतं, निम्मं नव्हतं.

मग हैबती चालायला लागला. दोर मागं लोळत होता, पण कुणी अडवलं नाही. तो थेट उकिरड्यापाशी गेला. जिथं त्यानं बाळ ठेवलं होतं ना, तिथंच चढला आणि बसला. घाटाचा राजा बरं का, मिशांना पीळ देणारा! शेणात, केरात, राखेत, सगळ्या गावासमोर बसला. फडकं काढून टाकलं, तोंड उघडं ठेवलं. म्हणाला, "कोंडाई, टाकलेलं उचलायची तुझी रीत आहे ना? बघ, उचलवत असेल तर."

कोंडाई गेली. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "सापडला. उकिरड्यावर सापडला." मग गावाकडे वळून रीतीप्रमाणं विचारलं, "आहे का कुणी घेणारा?"

कोण घेणार? ज्यांना लुटलं ते घेणार? एकानं जमिनीकडे बघितलं, दुसऱ्यानं आभाळाकडे. म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं, "आहे का कुणी?" सगुणा पुढं झाली नाही. तिची ओंजळभर माती होती ना घरात, मडक्यात जपून ठेवलेली. तिला कोण नावं ठेवणार?

म्हातारी तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात उकंडा वळला आणि घरात शिरला. लोकांना वाटलं, गेला! तोंड बघायला नको म्हणून गेला. हैबतीलाही तेच वाटलं, आणि बरोबरच आहे असं वाटलं.

पण उकंडा लंगडत लंगडत बाहेर आला. त्याच्या हातात सूप होतं, कोंडाईनंच विणलेलं. आणि सुपात काय? कोंडा! शिगोशीग. त्यानं ते सूप कोंडाईच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "मी घेतो."

"अरे, ऐकलंस ना तो काय म्हणाला?" कोंडाईनं विचारलं.

"ऐकलं. सगळं ऐकलं. शब्द मारायला काढला, तेही ऐकलं. आणि पुढचं अक्षर बदललं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. घ्या कोंडा."

आता मला सांगा, पोर विकत घेतलं की ते कुणाचं होतं? घेणाऱ्याचं! मग बाप विकत घेतला, तर तो कुणाचा? अगदी बरोबर. हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर त्याला वाटत होतं, नातं सांगायचं तर एकच शब्द आहे, माझा. ह्याला माझा, त्याला माझा. उलटं करून बोलता येतं, हे त्या दरोडेखोराला कधी सुचलंच नव्हतं! तो उकिरड्यावरून उठला, उकंड्यासमोर आला, आणि घाबरत घाबरत म्हणाला, "मी तुझा."

म्हणाला आणि पटकन पोराच्या पायांकडे बघितलं. पाय होते तसे होते. "मी तुझा," तो पुन्हा म्हणाला. एका बोटालाही काही झालं नाही. मग तिसऱ्यांदा तो असा मोठ्यानं ओरडला, "मी तुझा रे, तुझा!" की घाटात त्याचा आवाज घुमला. उकंडा म्हणाला, "आबा, ऐकू आलं." आणि त्याच्या हाताचा दोर सोडला.

सगुणा म्हणाली, "पुरे झालं. आंघोळ करा आधी, शेणाचा वास येतोय." पण म्हणताना तिचा आवाज ओला होता. मडक्यातली माती तिनं त्याच संध्याकाळी नदीकाठी नेली, आणि नवऱ्याला सोबत यायला सांगितलं. दोघांनी त्या मातीत तुळस लावली.

पुढं काय झालं म्हणता? हैबती गावातच राहिला. वाटसरूंची ओझी डोक्यावर घेऊन घाट चढवून द्यायचा, आणि उरलेल्या वेळात कोंडाईकडे सुपं विणायला शिकायचा. पहिली सुपं अशी वाकडी की दाणे खालून गळायचे! लोकांनी लगेच माफ केलं का? लगेच कसं करतील? काहींनी केलं, काहींनी फार उशिरा केलं. तोही मान खाली घालूनच चालायचा. उकंड्याचं लग्न झालं, घर पोराबाळांनी भरलं. नातवंडं खांद्यावर चढून विचारायची, "आजोबा, आम्ही कुणाचे?" तो म्हणायचा, "ते मला नका विचारू. मी तुमचा, एवढं मला ठाऊक." उकंड्याचं नख मात्र शेवटपर्यंत निम्मंच राहिलं. बाप रोज ते बघायचा, आणि लेक रोज त्याच्याच शेजारी जेवायला बसायचा. अशी ती सगळी सुखानं राहिली. गोष्ट गेली घाटावर, झोप आली पापण्यांवर.

चला, मिटा डोळे. काय रे पप्या, अजून जागा? काय विचारतोस?

"आजी, मी कुणाचा?"

तू ना? तुला मी उकिरड्यावरून उचललाय, सूपभर कोंडा देऊन. झोप, मेल्या. ये, इकडे सरक माझ्या कुशीत.